बेअरिंगमधलं शिसं, बेअरिंगमधलं कथील

अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत आणि छोट्या शहरांत आपल्या बंदुकीच्या गोळ्या स्वतः ओतणारी माणसं आजही पुष्कळ आहेत. कुणी शिकारी, कुणी नेमबाजीच्या स्पर्धा खेळणारा, कुणी जुन्या बंदुकांचा शौकीन. गॅरेजच्या कोपऱ्यात विजेवर तापणारं भांडं, दोन फाळक्यांचा साचा, एक पळी आणि भिंतीलगत डब्याडब्यांतून साठवलेलं भंगार असा त्यांचा संसार असतो. त्या डब्यांत जुन्या नळांचं शिसं असतं, छपराच्या कडेला लावलेला शिशाचा पत्रा असतो, मोटारीच्या चाकाचा तोल साधणारी वजनं असतात, बंद पडलेल्या छापखान्यातले खिळे असतात. आणि एखाद्या डब्यात जुन्या यंत्रांतून निघालेलं बेअरिंगचं अस्तर असतं: पांढुरकं, जड, सुरीनं ओरखडा उठेल इतपत मऊ. या शेवटच्या डब्याबद्दल या मंडळींत जितका हव्यास तितकाच गोंधळ आहे. त्या गोंधळाचं मूळ गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या यंत्रांच्या आणि युद्धांच्या इतिहासात सापडतं.

आधी गोळीकडे पाहू. शिसं हा गोळीसाठी सोयीचा धातू आहे. ते ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे त्याला भट्टी लागत नाही, चूल पुरते. त्याची घनता ११.३ आहे, म्हणजे लोखंडाच्या जवळजवळ दीडपट. लहान आकारात जास्त वजन मावत असल्यामुळे गोळी हवेचा विरोध सोसून लांब जाते. मऊपणा हा तर सुरुवातीला गुणच होता. फ्रेंच अधिकारी क्लोद-एत्येन मिनिए यांनी १८४९ साली पुढे आणलेल्या गोळीच्या बुडाला पोकळी होती. दारू पेटली की बूड फुगायचं आणि नळीच्या आतल्या मळसूत्री खाचांत घट्ट बसायचं. ते फुगायचं तर शिसं शुद्ध आणि मऊच हवं. अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी वापरलेल्या बहुतेक गोळ्या याच जातीच्या होत्या. आपल्याकडे १८५७ साली ज्यांच्या चरबीवरून भडका उडाला त्या एनफील्ड काडतुसांतही अशीच मऊ शिशाची, बुडाशी पोकळ गोळी होती. चरबी होती ती कागदात गुंडाळलेली ही गोळी नळीतून खाली सुरळीत सरकावी म्हणून.

मऊपणा नडू लागला तो वेग वाढल्यावर. काळ्या दारूच्या बंदुकीतून गोळी सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास निघायची. १८८६ साली फ्रान्सने बिनधुराची दारू वापरणारी लेबेल रायफल आणली आणि वेग ६०० मीटरच्या पुढे गेला. या वेगाला मऊ शिसं खाचांना धरून फिरत नाही, खरवडलं जातं. मागच्या तापलेल्या वायूंना फट सापडली की ते गोळीच्या कडा वितळवत पुढे घुसतात आणि नळी आतून शिशानं चोपडली जाते. त्यानंतरचे नेम चुकतात ते चुकतातच. सैन्यांनी यावर तांब्याच्या आवरणाचा उपाय काढला. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन यांनी अशी गोळी १८८२ मध्येच करून दाखवली होती. पण आवरण चढवायला कारखान्यातली दाब-यंत्रं लागतात. घरी ओतणाऱ्याच्या हाती एकच उपाय उरला: शिशात दुसरं काहीतरी मिसळून ते कठीण करणं.

हे दुसरं काहीतरी म्हणजे मुख्यतः कथील आणि अँटिमनी. या दोघांची कामं वेगवेगळी आहेत, आणि अर्धा गोंधळ इथूनच सुरू होतो. कथील, म्हणजे आपल्या भांड्यांना कल्हई करायला वापरतात तेच, २३२ अंशाला वितळतं. शिशात एक-दोन टक्के कथील घातलं की रसावर साय धरण्याची खोड कमी होते, रस साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो आणि गोळीच्या कडा धारदार उतरतात. कठीणपणा मात्र ते बेताचाच देतं. २० भाग शिशाला १ भाग कथील हे प्रमाण काळ्या दारूच्या जमान्यापासून चालत आलं आहे. त्यानं ब्रिनेल मापावरचा कठीणपणा ५ वरून १० च्या आसपास येतो. त्यापुढे कथील वाढवत गेलं तर खर्च भराभर वाढतो, कठीणपणा वाढत नाही. कठीणपणा खरा देते ती अँटिमनी, आणि तीही स्वस्तात. पण एकटी अँटिमनी मिश्रधातूला ठिसूळ करते. म्हणून दोन्ही घालायचे. कथील आणि अँटिमनी एकमेकांना धरून संयुगाचे बारीक स्फटिक करतात आणि ठिसूळपणा आटोक्यात राहतो. अमेरिकेतल्या लायमन या जुन्या साचे-उत्पादक कंपनीच्या नावानं ओळखलं जाणारं 'लायमन नंबर दोन' हे प्रमाण प्रसिद्ध आहे: ९० टक्के शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी, कठीणपणा साधारण १५.

हेच तीन धातू बेअरिंगमध्येही सापडतात.

बेअरिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोलादी गोळ्यांची कडी येते. इथे ती अभिप्रेत नाही. तिच्याही आधीपासून आणि तिच्या बरोबरीनं साधी बेअरिंग चालत आली आहेत. दोन अर्धगोल वाट्या, त्यांच्या मध्ये फिरणारा दांडा आणि दोघांच्या फटीत तेलाचा पापुद्रा. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये या वाट्यांच्या अस्तराला 'व्हाइट मेटल' म्हणतात, अमेरिकेत 'बॅबिट'. हे नाव माणसाचं आहे.

आयझॅक बॅबिट १७९९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या टॉन्टन या गावी जन्मला. धंद्यानं सोनार. त्या काळी इंग्लंडहून ब्रिटानिया नावाच्या धातूची चहादाणी, चमचे, ताटल्या येत. चांदीसारखी चकाकणारी आणि चांदीपेक्षा कितीतरी स्वस्त. हा धातू म्हणजे बहुतांश कथील, थोडी अँटिमनी, चिमूटभर तांबं. बॅबिटनं १८२४ च्या सुमारास तो टॉन्टनमध्ये तयार केला आणि अमेरिकेतलं पहिलं ब्रिटानिया सामान काढल्याचा मान मिळवला. त्याचा धंदा फार चालला नाही, पण त्याच कारखान्यातून पुढे रीड अँड बार्टन ही टेबलावरच्या भांड्यांची प्रसिद्ध पेढी उभी राहिली. बॅबिट मात्र बोस्टनला गेला आणि तोफा ओतणाऱ्या कारखान्यात काम करू लागला. तिथं त्याच्यापुढे आला तो दांड्यांच्या घर्षणाचा प्रश्न. वाफेच्या इंजिनांचे दांडे पितळेच्या वाट्यांत फिरत, तापत आणि धरून बसत. चहादाणीचा धातू ओळखणाऱ्या या माणसानं १८३९ च्या जुलैमध्ये पेटंट घेतलं ते असं: बेअरिंगची वाटी भक्कम धातूची करायची, तिच्या आत कडांच्या आधारानं कथलाच्या मिश्रधातूचं अस्तर ओतायचं आणि दांडा त्या अस्तरावर फिरवायचा. हक्क मागितला होता वाटीच्या रचनेवर, धातूच्या कृतीवर नव्हे. तरी जगानं त्याचं नाव धातूलाच चिकटवलं. अमेरिकी सरकारनं हा शोध वापरण्याच्या हक्कापोटी त्याला २०,००० डॉलर दिले. त्या काळात ही रक्कम म्हणजे मोठीच दौलत.

हे अस्तर मऊ असून दांडा का पेलतं? धातू घासून, आम्लानं चाटवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर उत्तर दिसतं. मऊ कथलाच्या गाभ्यात कथील-अँटिमनीचे चौकोनी, कठीण स्फटिक विखुरलेले असतात, शेणानं सारवलेल्या जमिनीत रुतवलेल्या गोट्यांसारखे. भार गोटे घेतात. मधली मऊ जागा किंचित झिजून खोलगट होते आणि त्या खोलीत तेल टिकतं. तेलाबरोबर एखादा वाळूचा कण किंवा लोखंडाचा कीस आला तर तो मऊ भागात रुतून बसतो आणि दांड्याला ओरखडा येत नाही. तांब्याचं काम आणखी गमतीचं आहे. अँटिमनीचे चौकोनी स्फटिक भोवतालच्या रसापेक्षा हलके असल्यामुळे ओतताना वर तरंगू पाहतात. पण रस थंड होताना तांबं आणि कथील यांच्या सुया आधी तयार होतात, त्यांचं जाळं बनतं आणि चौकोन त्या जाळ्यात अडकून जागच्या जागी राहतात. बॅबिटला यातलं काहीच माहीत असण्याचं कारण नाही. धातूचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचं शास्त्र त्याच्या पेटंटनंतर दोन-अडीच दशकांनी सुरू झालं. त्याला भांडी माहीत होती.

आणखी एक गुण म्हणजे हे अस्तर आधी मरतं. तेल संपलं, बेअरिंग तापलं तर अडीचशे अंशांच्या आसपास अस्तर मऊ पडून वितळू लागतं आणि महागडा पोलादी दांडा बहुधा वाचतो. अस्तर पुन्हा ओतून, खरवडून बसवलं की यंत्र पुन्हा उभं. रेल्वेच्या डब्यांना जेव्हा अशीच साधी बेअरिंग होती तेव्हा तेलानं भिजवलेल्या सुताच्या बोळ्यांवर ॲक्सल फिरायचा. बोळा सुकला की पेटी तापायची, धूर निघायचा आणि वेळेवर लक्ष गेलं नाही तर ॲक्सल तुटायचा. अमेरिकेत याला 'हॉट बॉक्स' म्हणत, आपल्या रेल्वेत 'हॉट ॲक्सल'. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत इंजिनाचं मुख्य दांड्याचं बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग दोन्ही बॅबिटची होती, आणि १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. जहाजांची इंजिनं, लाकूड कापायच्या गिरण्या, कागदगिरण्या, जलविद्युत केंद्रं, सगळीकडे हेच अस्तर. पेनसिल्व्हेनियातल्या होल्टवूडच्या जलविद्युत केंद्रात आल्बर्ट किंग्सबरी यांनी १९१२ साली बसवलेलं धक्का पेलणारं बेअरिंग बॅबिटच्याच पट्ट्यांचं आहे. दोनशे टनांहून जास्त फिरता भार ते दशकानुदशकं घेत राहिलं. पट्ट्यांचा तेलाच्या पापुद्र्यामुळे दांड्याशी प्रत्यक्ष स्पर्श जवळजवळ होतच नाही, त्यामुळे झीजही नगण्य.

म्हणजे भंगार मुबलक असायला हरकत नाही, आणि ते आहेच. प्रश्न आहे तो त्यात काय आहे याचा.

बॅबिटचा मूळ धातू कथलाचा. पण कथील पृथ्वीवर मोजक्याच ठिकाणी सापडतं आणि शिशापेक्षा ते नेहमीच कैक पट महाग राहिलं आहे. अलीकडच्या काळात तर दहापटीहून जास्त. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातच बेअरिंग ओतणाऱ्यांनी कथलाच्या जागी शिसं घालून पाहायला सुरुवात केली. संथ फिरणाऱ्या, कमी भाराच्या दांड्यांना शिशाचं अस्तर व्यवस्थित पुरतं हे लक्षात आलं. अँटिमनी १५ टक्क्यांपर्यंत, कथील ५ ते १०, बाकी सगळं शिसं. नाव मात्र बॅबिटच राहिलं. आज अमेरिकेत पांढऱ्या बेअरिंग धातूंचं जे प्रमाणपत्रक आहे त्यात एका टोकाला दुसऱ्या क्रमांकाचा बॅबिट आहे: ८९ टक्के कथील, ७.५ अँटिमनी, ३.५ तांबं. आठव्या क्रमांकात ८० टक्के शिसं, १५ अँटिमनी आणि फक्त ५ टक्के कथील. पंधराव्या क्रमांकात तर कथील एकच टक्का, आणि त्याच्या जोडीला एक टक्का आर्सेनिक. दिसायला तिघेही पांढुरके. एकाच पत्रकातले सख्खे शेजारी, पण एक जवळजवळ कथील आणि दुसरा जवळजवळ शिसं.

युद्धांनी हा घोळ आणखी वाढवला. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे जर्मनीला कथील मिळेना. तिथल्या धातुतज्ज्ञांनी शिशात कॅल्शियम, सोडियम आणि किंचित लिथियम घालून रेल्वेच्या बेअरिंगसाठी वेगळाच धातू काढला, 'बानमेटाल'. म्हणजे रेल्वेधातू. कथील नाही, अँटिमनीही नाही, तरी गाड्या चालल्या. दुसऱ्या महायुद्धात पाळी अमेरिकेची आली. १९४२ च्या सुरुवातीच्या काही महिन्यांत मलाया आणि डच ईस्ट इंडिज जपानच्या हाती गेले आणि जगातल्या कथलाचा मोठा पुरवठा एका फटक्यात बंद झाला. अमेरिकेनं बोलिव्हियाच्या खनिजासाठी टेक्सास सिटीला घाईनं कथील-भट्टी उभारली आणि जिथं जिथं शक्य होतं तिथं कथलाचं अस्तर काढून शिशाचं लावायचा हुकूम सुटला. त्यामुळे १९३८ च्या एखाद्या कागदगिरणीच्या यंत्रात मुळात कथलाचा बॅबिट असेल, १९४३ मध्ये दुरुस्तीला शिशाचा ओतला गेला असेल, आणि १९५५ मध्ये त्यावर उरलेसुरले दोन्ही एकत्र वितळवून भरले गेले असतील. यंत्राच्या पाटीवरचं साल अस्तराबद्दल काही सांगत नाही.

आता आपला छंदिष्ट एक किलो बॅबिट घेऊन भांड्यापुढे बसला आहे असं समजा. त्यानं कुठंतरी वाचलं आहे की एक भाग बॅबिट आणि दोन भाग शुद्ध शिसं मिसळलं की चांगली कठीण गोळी होते. बॅबिट आठव्या क्रमांकाचा असेल तर हिशोब जमतो: तीन किलोत ५ टक्के अँटिमनी आणि १.७ टक्के कथील. हे लायमनच्या प्रमाणाच्या जवळपास आहे, चालून जाईल. पण तो दुसऱ्या क्रमांकाचा असेल तर त्या तीन किलोत कथील जवळजवळ ३० टक्के, अँटिमनी अडीच आणि तांबं एक टक्क्याहून जास्त. हे गोळीचं मिश्रण नाही, नळ जोडणाऱ्याच्या झाळणाच्या जवळचं काहीतरी आहे. दीडशे ग्रॅमांत काम झालं असतं तिथं त्यानं ८९० ग्रॅम कथील जाळलं. त्यात तांब्याच्या सुया रसात आधीच गोठून बसतात, रस लापशीसारखा होतो आणि साचा नीट भरत नाही. कथलाच्या बॅबिटसाठी योग्य प्रमाण आहे एका किलोला १७ किलो शिसं. तेव्हा कथील ५ टक्क्यांच्या किंचित खाली येतं, अँटिमनी ०.४ आणि तांबं ०.२ टक्के. तांबं इतकं थोडं असलं की रसात विरून जातं. अँटिमनी फारच कमी पडते. ती हवी तर दुसरीकडून आणावी लागेल. उलट बाजूची चूकही वाईटच. शिशाचा बॅबिट कथलाचा समजून त्याला १७ पट शिसं घातलं तर हाती येतं ते पाव टक्का कथलाचं, जवळजवळ कोरं मऊ शिसं, आणि पुढची संध्याकाळ नळी खरवडण्यात जाते.

हे ओळखायचं कसं, याची उत्तरं या छंदात पुष्कळ ऐकू येतात. कथील वाकवलं की कुरकुरतं, पण ती खूण शुद्ध कथलाची; बॅबिटच्या तुकड्यात ती भरवशाची नाही. जमिनीवर आपटून आवाज ऐका, पेन्सिलच्या टोकांनी ओरखडे काढून पाहा. कठीणपणात तर दोन्ही बॅबिट २० ते २५ च्या घरातच आहेत, तिथे ओरखडे काय सांगणार! मला यातला एकच उपाय खरा शहाणा वाटतो, आणि तो सिराक्यूजच्या आर्किमिडीजचा आहे. स्वच्छ केलेला तुकडा हवेत तोलायचा, मग दोरीनं टांगून पाण्यात बुडवून तोलायचा. कथलाच्या बॅबिटची घनता ७.४ च्या आसपास, शिशाच्या आठव्या क्रमांकाची १० च्या आसपास. हवेत बरोबर १,००० ग्रॅम भरणारा तुकडा पाण्यात कथलाचा असेल तर ८६५ ग्रॅम दाखवेल आणि शिशाचा असेल तर ९००. शुद्ध शिसं दाखवेल ९१२. पस्तीस ग्रॅमांचा फरक स्वयंपाकघरातला काटाही पकडतो. दोघांच्या मधला आकडा आला तर समजायचं की कुणीतरी दुरुस्तीत भेसळ केली आहे, आणि त्याचा अंदाज त्याच आकड्यावरून बांधता येतो.

फक्त एक खबरदारी लागते. बेअरिंगची बाहेरची वाटी काशाची किंवा लोखंडाची असते, तिच्यासकट तोलून उपयोग नाही. अस्तर आधी उतरवावं लागतं. काशाला वितळायला आठशे अंशांच्या पुढचं तापमान लागत असल्यामुळे चारशे अंशांच्या आत पांढरं अस्तर गळून खाली येतं आणि वाटी जशीच्या तशी राहते. आणि घनता सात-साडेसातच्या मधली आली म्हणून लगेच खूश होऊ नये. जस्ताची घनताही ७.१ आहे. मात्र जस्त ४१९ अंशांपर्यंत घट्ट राहतं, तर कथलाचा बॅबिट २४१ अंशांपासून मऊ पडत ३५४ ला पूर्ण पातळ होतो. जस्त चुकून भांड्यात गेलंच तर रसावर जाड, चिवट साय येते, साचा अर्धवट भरतो आणि अख्खं भांडं वाया जातं.

छापखान्याच्या खिळ्यांचा डबा मी वर सांगितला, तो याच कुळातला. खिळ्यांचा धातूही शिसं, अँटिमनी आणि कथील यांचाच. फक्त इथं अँटिमनीचं काम वेगळं असतं: शिसं गोठताना आक्रसतं, तसं ती फारसं आक्रसू देत नाही, म्हणून अक्षराचा चेहरा मातृकेत भरून उतरतो. अमेरिकेत १८८६ साली न्यू यॉर्क ट्रिब्यूनमध्ये ऑटमार मर्गेनथालरचं लायनोटाइप यंत्र सुरू झालं. ते अख्खी ओळ एका दमात ओतायचं. त्यासाठी ठरलेलं प्रमाण ८४ टक्के शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील असं होतं, कारण या तिघांचं सर्वांत कमी तापमानाला, २४० अंशांजवळ, एकदम गोठणारं मिश्रण हेच. गोळी ओतणाऱ्यांना ते फार आवडतं: कठीणपणा २२, भांड्यातून थेट साच्यात. पण रोज वितळवून पुन्हा ओतलं की कथील आणि अँटिमनी मळीबरोबर निघून जातात. छापखाने म्हणून मधूनमधून नमुना तपासून घेत आणि कमी पडलेले धातू भरत. ज्यांनी भरले नाहीत त्यांच्या भंगारात पत्रकातलं प्रमाण शोधून सापडत नाही.

मराठी वाचकाला या धातूचा सगळ्यात जवळचा नमुना माहीत आहे तो मुंबईत. जावजी दादाजी चौधरी यांचा जन्मही १८३९ चा, बॅबिटच्या पेटंटच्याच सालचा. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात ते टाइप घासायच्या कामाला लागले, पुढे त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरचे देवनागरी खिळे पुस्तकांत आणि पंचांगांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. देवनागरीला जोडाक्षरांमुळे रोमनपेक्षा कितीतरी जास्त जातींचे खिळे लागतात आणि वेलांट्या, मात्रा, रफार यांचे बारीक अवयव सहज तुटतात. म्हणून धातू कठीण हवा, पण ठिसूळ नको, ही ओढाताण इथंही आहेच. ऑफसेट आल्यावर गावोगावच्या छापखान्यांतले केसच्या केस भरून खिळे किलोच्या भावानं मोडीत गेले.

ते आपल्याकडे गोळ्यांत गेले नाहीत, हे उघड आहे. भारतात दारूगोळा बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो, घरच्या घरी गोळ्या ओतण्याचा छंद इथं कायद्यात बसत नाही. पुण्याच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, तो सरकारी. अमेरिकेतसुद्धा या छंदाचं भंगार आटत चाललं आहे. युरोपीय संघानं २००५ मध्ये मोटारींच्या चाकांवर शिशाची वजनं लावायला बंदी घातली, कॅलिफोर्नियानं २०१० मध्ये. गोळी ओतणाऱ्यांचा सर्वांत मोठा आणि स्वस्त साठा त्यांच्या डोळ्यांदेखत पोलादाचा आणि जस्ताचा झाला. म्हणूनच बॅबिटसारख्या आडवळणाच्या भंगाराकडे लक्ष वळलं.

एका साठ्याला मात्र जाणकार हात लावत नाहीत: मोटारीची जुनी बॅटरी. तिच्या जाळ्यांच्या शिशात अँटिमनी आणि आर्सेनिक असतं, नव्या बॅटऱ्यांत कॅल्शियम. हे एकत्र वितळवून निघालेल्या मळीला ओल लागली की आर्साइन आणि स्टिबाइन हे अत्यंत विषारी वायू सुटू शकतात. आपल्याकडे शहरांच्या कडेला बेकायदा भट्ट्यांवर बॅटऱ्या फोडून शिसं काढलं जातं, तिथल्या मुलांच्या रक्तात शिसं सापडतं ते या वायूंमुळे नव्हे तर धुळीमुळे. तीच गोष्ट गॅरेजमधल्या भांड्याची. शिसं १,७४९ अंशांना उकळतं, त्यामुळे चारशे अंशांच्या भांड्यावर वाफ फारशी नसते. धोका असतो तो वरच्या राखाडी मळीत. ती झाडली की उडते, हातांना लागते, मग भाकरीला, मग कपड्यांबरोबर घरात. मुलांच्या रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी सांगता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. पंधराव्या क्रमांकाच्या बॅबिटमधलं एक टक्का आर्सेनिक या हिशोबात आणखी भर घालतं. गंमत अशी की चिमूटभर आर्सेनिक गोळी ओतणाऱ्याला हवंही असतं. अँटिमनी असलेल्या शिशात ते थोडं असलं आणि गोळी साच्यातून थेट पाण्यात पडली, तर पुढच्या काही तासांत आणि दिवसांत ती आपोआप कठीण होत जाते.

बॅबिटच्या डब्यातला अंदाजाचा खेळही आता संपत आला आहे. भंगाराच्या मोठ्या वखारींत गेल्या काही वर्षांत हातात धरायचं क्ष-किरणांचं यंत्र आलं आहे. तुकड्यावर टेकवून घोडा दाबला की काही सेकंदांत पडद्यावर कथील, अँटिमनी, तांबं, शिसं यांची टक्केवारी येते. छंदिष्टांना याचा फायदा झाला तसा तोटाही झाला. पूर्वी वखारवाला सगळं पांढरं भंगार शिशाच्या भावानं देऊन टाकायचा आणि एखाद्याच्या हाती ८९ टक्के कथील कवडीमोलानं लागायचं. आता वखारवाला आधी यंत्र टेकवतो, आणि दुसऱ्या क्रमांकाचा बॅबिट कथलाच्या भावानं वेगळा काढून ठेवतो.